सद्गुण शिकवता येतो का? मेनो, एक चौरस आणि चार प्रश्न

अनवट (धागाकर्ता)

तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत देव, ज्ञान, नीती आणि शिक्षण यांची प्रकरणं वेगवेगळी असतात. परीक्षेच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. मूळ ग्रंथ उघडला की मात्र ही वाटणी टिकत नाही. एका प्रश्नाला हात लावावा तर बाकीचे तीन मागोमाग ओढले जातात. प्लेटोचा 'मेनो' हा संवाद त्याचा सगळ्यात आटोपशीर नमुना आहे, म्हणून हा धागा त्यावरच काढतोय.

संवाद लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. ना प्रस्तावना, ना नमस्कार-चमत्कार. थेसलीहून आलेला मेनो नावाचा श्रीमंत तरुण पहिल्याच वाक्यात विचारतो: सॉक्रेटिस, सद्गुण शिकवून येतो का? की सरावाने येतो? की जन्मतःच असावा लागतो? सॉक्रेटिस म्हणतो, शिकवता येतो की नाही हे लांबच राहिलं, सद्गुण म्हणजे काय हेच मला माहीत नाही.

मेनोने गॉर्जियससारख्या नावाजलेल्या वक्त्याला ऐकलेलं असतं, त्यामुळे त्याच्याकडे उत्तरं तयार. पुरुषाचा सद्गुण वेगळा, बाईचा वेगळा, मुलाचा, म्हाताऱ्याचा, गुलामाचा वेगळा. सॉक्रेटिस म्हणतो, मी एक मागितला तर तू मोहोळच आणून ठेवलंस. पुढच्या व्याख्याही एकेक करून ढासळतात आणि मेनो वैतागतो. तुला हात लावला की माणूस बधिर होतो, तू त्या झटका देणाऱ्या माशासारखा आहेस, असं तो सुनावतो. आणि वर एक पेच टाकतो. जे मुळात माहीतच नाही ते तू शोधणार कसं? आणि समजा अडखळत त्याच्यापाशी पोहोचलासच, तर 'हेच ते' हे तुला कळणार कसं?

पेच चिडून टाकलेला असला तरी पोकळ नाही. माहीत असेल तर शोधायची गरज नाही, माहीत नसेल तर शोधायची सोय नाही. मग शिकणं ही गोष्ट घडते तरी कशी?

उत्तरादाखल सॉक्रेटिस मेनोच्या नोकरवर्गातला एक गुलाम मुलगा बोलावतो. त्याला ग्रीक येतं ना, एवढीच चौकशी करतो. मग २ फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ ४. याच्या दुप्पट, म्हणजे ८ क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू केवढी घ्यायची? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट, म्हणजे ४ फूट. आकृती काढून बघतात तर क्षेत्रफळ १६. मग मुलगा मधला आकडा धरतो, ३ फूट. ते भरतं ९. आता सॉक्रेटिस म्हणतो, मोजून सांगता येत नसेल तर नुसती रेघ दाखव. मुलगा म्हणतो, देवाशपथ, मला माहीत नाही.

इथे सॉक्रेटिस थांबतो आणि मेनोकडे वळतो. हा आधी चुकीचं बोलत होता, तेही खात्रीने. आता त्याला माहीत नाही, पण माहीत नाही हे माहीत आहे. याला बधिर करून आपण त्याचं काही नुकसान केलं का? मेनोला नाही म्हणावंच लागतं.

मग सॉक्रेटिस तसेच चार चौरस जोडून प्रत्येकात कर्ण काढतो. चार कर्णांनी मध्ये एक तिरपा चौरस तयार होतो. प्रत्येक लहान चौरसाचा अर्धा भाग त्यात येतो, म्हणजे ४ गुणिले २, बरोबर ८. मुलगा स्वतः मोजून ते सांगतो.

'रेघ दाखव' हे सॉक्रेटिस उगाच म्हणत नाही. त्या बाजूची लांबी ८ चं वर्गमूळ आहे, साधारण २.८३. ती पूर्णांकात किंवा अपूर्णांकात नेमकी लिहिताच येत नाही. आकड्याने जे सांगता येत नाही ते बोटाने दाखवता येतं.

यातून सॉक्रेटिस निष्कर्ष काढतो की या मुलाला कुणी शिकवलं नाही, तरी उत्तर त्याच्यातूनच निघालं. म्हणजे आत्म्याला ते आधीच ठाऊक होतं, शिकणं म्हणजे आठवणं. हे मला अजिबात पटत नाही. पण लगेच पुढे तो जे म्हणतो ते मला या संवादाचं काळीज वाटतं. बाकीच्या गोष्टींवर मी फार हट्ट धरणार नाही, पण एका गोष्टीसाठी बोलण्याने आणि वागण्याने शेवटपर्यंत भांडेन: जे माहीत नाही ते शोधलं पाहिजे असं मानल्याने आपण अधिक चांगले, अधिक धीट आणि कमी आळशी होऊ. म्हणजे ज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर त्याने नीतीच्या खात्यातून दिलं. सिद्धान्त खरा असेल-नसेल, शोध घेणारा माणूस कसा घडतो ते बघा.

पुढे ॲनिटस येतो. हाच माणूस इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवरच्या खटल्यातल्या फिर्यादींपैकी एक होता. सॉक्रेटिस त्याला विचारतो, सद्गुण शिकवता येत असेल तर अथेन्सच्या थोर नेत्यांची मुलं अशी कशी निघाली? थेमिस्टोक्लीसने मुलाला असा स्वार केला की तो घोड्यावर उभं राहून भाले फेकायचा. पेरिक्लीसनेही मुलांना घोडेस्वारी, संगीत, व्यायाम शिकवण्यात कसर ठेवली नाही. चांगुलपणा तेवढा शिकवायचा राहून गेला? ॲनिटस चिडतो आणि जरा जपून बोल असा इशारा देऊन गप्प होतो.

आणि शेवट? सद्गुणाचे शिक्षक सापडत नाहीत, म्हणजे तो शिकवता येत नाही, म्हणजे ज्यांच्याकडे तो आहे त्यांना तो देवाच्या कृपेने मिळाला असावा! नीतीपासून निघालेली गाडी ज्ञान आणि शिक्षण ही स्टेशनं घेत देवावर येऊन थांबते. माझ्या मते प्लेटोने इथे अंग काढून घेतलं. चौरसाच्या बाबतीत त्याने दाखवलं की मुलगा चुकतो, अडतो आणि मग कारणासकट समजून घेतो. तीच रीत सद्गुणाला लावून बघायच्या ऐवजी वरच्याकडे बोट दाखवून मोकळा झाला.

तुम्हाला काय वाटतं?

---

गणिती_ग

लेख आवडला. पण त्या चौरसाबद्दल तुम्ही फार उदार झालात. सॉक्रेटिस 'मी शिकवत नाही, फक्त विचारतोय' असं म्हणतो, पण कर्ण काढला कुणी? सॉक्रेटिसने. मुलाच्या वाट्याला आलं ते 'हो', 'बरोबर' आणि थोडी बेरीज. न्यायालयात असे प्रश्न साक्षीदाराला घातले तर समोरचा वकील ताडकन उठेल.

मुलाला खरंच समजलं का हे बघायला एक सोपी चाचणी आहे. त्याला तिप्पट चौरस मागायचा. क्षेत्रफळ १२. इथे 'प्रत्येकाचा अर्धा भाग' ही युक्ती चालत नाही. आधीची २ ची बाजू आणि नुकताच सापडलेला कर्ण एकमेकांना काटकोनात ठेवले की तिसरी बाजू मिळते: ४ अधिक ८, बारा. पण हे दिसायला चौरस-कर्णाची नुसती आकृती आठवून भागत नाही, ती का चालली हे कळलेलं असावं लागतं. सॉक्रेटिसने ही चाचणी घेतली नाही.

अनवट

चाचणी झकास आहे. पण सॉक्रेटिसची बाजू तितकी लंगडी नाही. त्याने मुलाला सांगून टाकलं असं धरलं, तरी ४ आणि ३ ही चुकीची उत्तरं मुलाची स्वतःची होती, आणि ती चूक आहेत हे त्याने स्वतः मोजून ठरवलं. सॉक्रेटिसच्या सांगण्यावरून त्याने ३ सोडलं नाही, ९ बघून सोडलं. शिवाय सॉक्रेटिस स्वतःच म्हणतो की आत्ता या मुलाची मतं स्वप्नासारखी ढवळून निघाली आहेत, हेच प्रश्न पुन्हापुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले तर त्याला इतरांइतकंच पक्कं कळेल. म्हणजे तुमची तिप्पटवाली चाचणी त्याला मान्यच झाली असती.

गणिती_ग

'वेगवेगळ्या तऱ्हेने' हे वाक्य विसरलो होतो. ठीक, अर्धी तक्रार मागे.

---

तिरकस

२४०० वर्षं झाली. सद्गुण म्हणजे काय ते अजून ठरलं नाही, देव आहे की नाही ते ठरलं नाही, ज्ञान म्हणजे काय तेही नाही. तत्त्वज्ञांना एकदा मुदत घालून द्या.

वाचकमात्र

+१ :)

अनवट

तिरकस, एक तरी गोष्ट घडली ती सांगतो. याच संवादाच्या शेवटाकडे थेसलीतल्या लारिसा शहराच्या रस्त्याचं उदाहरण आहे. एकाला रस्ता माहीत आहे. दुसरा कधी गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघंही लारिसाला पोहोचतील. मग ज्ञान आणि बरोबर निघालेलं मत यांत फरक काय? सॉक्रेटिस म्हणतो, बरोबर मतं डीडॅलस या दंतकथेतल्या कारागिराच्या चालत्या पुतळ्यांसारखी असतात, बांधून ठेवली नाहीत तर पळून जातात. कारण समजलं की ती बांधली जातात.

या बांधण्यावर पुढे ज्ञानाची एक व्याख्याच उभी राहिली: खरं असलेलं, आणि सबळ कारण असलेलं मत म्हणजे ज्ञान. १९६३ मध्ये एडमंड गेटियरने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून तिला सुरुंग लावला. स्मिथकडे सबळ कारण आहे की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत. तो म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्या नकळत त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. मत खरं, कारण सबळ, तरी याला ज्ञान म्हणवत नाही.

मजा म्हणजे आपल्याकडे ही गोष्ट कितीतरी आधी पकडली गेली होती. आठव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मोत्तराचं उदाहरण: मांस भाजायला विस्तव पेटवला आहे, अजून धूर नाही. वासाने किड्यांचा थवा जमला. लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटला आणि त्याने अनुमान केलं, तिथे अग्नी आहे. अग्नी आहेच! पण त्याला ते कळलं असं म्हणायचं का? बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने असाच मुठीतल्या कवड्यांचा दाखला दिला. कुणी नुसत्या अंदाजाने 'पाच' म्हणालं आणि मुठीत पाचच निघाल्या. नशिबाने बरोबर येणं म्हणजे जाणणं नव्हे.

ठरलं काहीच नाही हे खरं. पण कुठली व्याख्या कुठे फुटते हे आता नेमकं माहीत आहे. चार फूट नाही, तीन फूट नाही, इतपत प्रगती तरी म्हणाल?

तिरकस

तीन फूट नाही एवढं मान्य. मुदत वाढवून दिली.

---

शंकासुर

देवाचा भाग तुम्ही शेवटाला चार वाक्यांत उरकलात. खरा दणका प्लेटोच्याच 'युथिफ्रो' या संवादात आहे. हा युथिफ्रो स्वतःच्या बापावर खटला भरायला निघालेला आहे, आणि हेच पवित्र कृत्य आहे याबद्दल त्याला तसूभर शंका नाही. सॉक्रेटिस विचारतो: पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते?

दुसरी बाजू घ्या. देवाला उद्या छळ आवडला तर छळ चांगला ठरेल. पहिली बाजू घ्या. मग चांगुलपणा देवाच्या आवडीनिवडीच्या आधीपासूनच ठरलेला, आणि तो समजून घ्यायला देवाच्या दारात जायची सक्ती उरत नाही. इस्लामी परंपरेतल्या धर्मचिंतकांच्या पंथांपैकी मुतझिला पहिल्या बाजूला आणि अशअरी दुसऱ्या बाजूला उभे राहिले. युरोपात जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने पहिली बाजू घेतली, कारण दुसरी घेतली तर देवाची स्तुती करण्यात अर्थच उरत नाही, तो काहीही करता तरी ते चांगलंच ठरलं असतं.

आणि देव नसलेली नीती म्हणजे पाश्चात्त्य खूळ असं ज्यांना वाटतं त्यांनी कुमारिल भट्ट वाचावा. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा), वेदांचा कट्टर पक्षपाती, सातवं शतक. धर्म वेदाने कळतो, पण त्यासाठी जगाचा कर्ता ईश्वर मानायला तो तयार नाही. त्याचे प्रश्न बघा. ईश्वराने जग करुणेपोटी निर्माण केलं म्हणता, तर निर्मितीच्या आधी करुणा करायला होतं कोण? करुणाच होती तर सगळं सुखमयच का नाही केलं? हेतूच नव्हता म्हणाल तर 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', मंदबुद्धीचा माणूससुद्धा हेतूशिवाय कामाला लागत नाही. आणि माझा आवडता: निर्मिती होताना बघायला साक्षीदार कुणीच नव्हता. मग ती त्याने केली हे कळलं कसं? तो स्वतःच सांगतो म्हणाल, तर केली नसतानाही स्वतःचा मोठेपणा मिरवायला तो तसं म्हणू शकतो!

वाचकमात्र

शेवटचं वाक्य सातव्या शतकातलं आहे यावर विश्वास बसत नाही. दंडवत.

पंचावयव

कुमारिलाची बाजू जोरात आली, आता नैयायिकांचीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचीही येऊ द्या. उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमांजली' याच चर्चेला वाहिलेली आहे. त्यातली जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता हवा ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. पण या धाग्याशी जास्त लागू पडते ती दुसरी.

कुमारिलाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधक काही निघेपर्यंत ते खरंच धरायचं. वेद कुणी रचलेलेच नाहीत, म्हणून रचणाऱ्याचा दोष त्यांत येण्याचा प्रश्न नाही. न्यायमताला हे मान्य नाही. ज्ञानाचं प्रामाण्य बाहेरून ठरतं, आणि शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असला तर, म्हणजे विषय जाणणारा आणि खरं बोलणारा असला तर. मग वेद प्रमाण मानता आहात, तर त्यांचा सांगणारा कोण? अशा वाटेने उदयन ईश्वराशी पोहोचतात.

तुम्ही निष्कर्ष माना किंवा नका मानू. पण बघा, इथे देवाचा वाद मुळात 'दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळलेलं कधी खरं धरायचं' या प्रश्नावर उभा आहे. दोघेही वेद मानणारे, भांडण ज्ञानाच्या सिद्धान्ताचं.

अनवट

पंचावयव, हे फार नेमकं सांगितलंत. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवर लिहिताना हाच धागा पकडला आहे. चमत्कार घडू शकतो की नाही यात तो फारसा शिरत नाही. साक्ष देणारा फसला असण्याची किंवा फसवत असण्याची शक्यता त्या घटनेपेक्षाही अशक्यप्राय असेल, तरच साक्ष माना, एवढंच म्हणतो. त्याचे धर्मावरचे संवाद त्याच्या हयातीत छापलेच गेले नाहीत. तो १७७६ मध्ये गेला, ते १७७९ मध्ये आले.

---

खडूफळा

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे शिक्षणाच्या बाजूने बोलतो.

अनवट म्हणतात की चौरसाची रीत सद्गुणाला लावायला हवी होती. नाही लागत. गणितात मुलाला कारण कळलं की काम झालं. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये याची कारणं माझ्या वर्गातली मुलं माझ्यापेक्षा छान सांगायची, आणि मधल्या सुट्टीत कंपासपेट्या गायब व्हायच्या. कारण कळणं आणि तसं वागणं यांच्यामध्ये जे अंतर आहे, तिथे सॉक्रेटिसचे प्रश्न पोहोचत नाहीत.

हे ॲरिस्टॉटलने बरोबर ओळखलं. घरं बांधून बांधून गवंडी होतो, तसं न्याय्य वागून वागून माणूस न्यायी होतो. त्यावर आक्षेप येतो की न्याय्य वागायला आधी न्यायी असावं लागेल ना? त्याचं उत्तर असं: व्याकरणशुद्ध वाक्य माणसाच्या तोंडून योगायोगानेही निघू शकतं, किंवा दुसऱ्याने सांगितलं म्हणूनही. व्याकरण आलं असं केव्हा म्हणायचं, तर स्वतःच्या व्याकरणज्ञानातून तो ते बोलेल तेव्हा. नीतीचंही तसंच. सुरुवातीला मूल सांगितलं म्हणून खरं बोलतं. पुढे खरं बोलणं त्याचं स्वतःचं होतं.

गंमत अशी की योगायोग आणि दुसऱ्याचं सांगणं या दोन्ही गोष्टी वर येऊन गेल्याच आहेत. एक कवड्यांच्या मुठीत, दुसरी त्या गुलाम मुलाच्या 'हो हो' मध्ये.

शंकासुर

पण गुरुजी, सवय लावणार कोण? ज्याची सत्ता आहे तो. त्याने भलतीच सवय लावली तर? आज्ञाधारकपणाची सवय लागलेल्या माणसांनी इतिहासात काय काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. विचार करायला शिकवण्याआधी सवय लावली, तर पुढचा विचारही त्या सवयीच्याच बाजूने होणार.

खडूफळा

प्रश्न अगदी खरा आहे आणि याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. कांटच्या शिक्षणावरच्या व्याख्यानांत (१८०३ मध्ये छापली गेली) हाच पेच आहे: बंधन तर घालावंच लागतं, मग बंधनात राहून स्वातंत्र्य कसं वाढवायचं? विसाव्या शतकात आर. एस. पीटर्स या ब्रिटिश शिक्षणतत्त्वज्ञाने तो मान्यच करून टाकला. त्याच्या मते विवेकाच्या महालात शिरायचं तर सवय आणि परंपरेच्या अंगणातूनच जावं लागतं. माझा अनुभव त्याच्या बाजूचा आहे. फक्त अंगणातून आत जायचं दार उघडं आहे ना, हे शिक्षकाने रोज बघावं. 'का?' विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवलं की ते दार बंद झालं.

रूसोने उलटं टोक गाठलं. 'एमिल'मध्ये (१७६२) लहान मुलाला उपदेश नाही, पुस्तकं नाहीत, देवाचं नावही नाही. पंधराव्या वर्षी एमिलला आपल्याला आत्मा आहे हेही माहीत नसणार! जे समजण्याचं वय नाही ते शिकवलं तर मूल शब्द पाठ करतं आणि त्यालाच श्रद्धा समजतं, असा त्याचा मुद्दा. पुस्तक पॅरिसमध्ये जाळलं गेलं, जिनिव्हातही. जाळण्यामागचं मोठं कारण त्यातलं धर्मावरचं प्रकरण होतं.

तिरकस

आणि हा शिक्षणतज्ज्ञ स्वतःची पाचही मुलं अनाथालयात ठेवून आला होता. थेमिस्टोक्लीस परवडला, निदान घोड्यावर तरी बसवलं.

खडूफळा

हो, ते खरंच आहे. त्याने पुढे त्यावर सफाईही दिली, ती मला कधीच पटली नाही.

---

सायली_वाचते

पहिल्यांदाच लिहितेय इथे. सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

औषधाच्या बाबतीत मी डॉक्टरांवर विसंबते आणि त्यात काही गैर वाटत नाही. मग 'अमुक कृत्य वाईट आहे, कारण एका जाणकाराने मला तसं सांगितलं, मला स्वतःला कारण माहीत नाही' असं कुणी म्हणालं तर इतकं विचित्र का वाटतं? दोन्हीकडे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासच आहे ना?

अनवट

सायली, सुस्वागतम्. तत्त्वज्ञ यावर आजही भांडतायत. मला पटतं ते असं. औषधाच्या बाबतीत मला फक्त लारिसाला पोहोचायचं असतं. गोळी लागू पडली, संपलं, रस्ता दुसऱ्याला माहीत असला तरी चालतं. नीतीत नुसतं पोहोचून भागत नाही. मी एखाद्याची माफी मागितली, पण कुणीतरी 'माग' म्हणालं म्हणून मागितली, माझं काय चुकलं ते मला माहीतच नाही, तर समोरच्याला ती माफी वाटेल का? तिथे कारण कळणं हा त्या कृत्याचाच भाग आहे.

पंचावयव

थोडी असहमती. रोजच्या जगण्यात आपण नैतिक बाबतीतही आप्तवाक्यावर चालतोच, आणि ते शहाणपणाचंच असतं. मी रागात आहे, माझी नजर गढूळ झालीय, हे मला कळतं. अशा वेळी ज्या मैत्रिणीचा विवेक मी वर्षानुवर्षं पारखला आहे ती म्हणाली, 'हे पत्र पाठवू नकोस, अन्याय होईल', तर मी कारण न समजताही थांबेन. नंतर समजून घेईन. तेव्हा थांबणं चुकीचं होतं असं कोण म्हणेल? आप्त कसा ओळखायचा हे माहीत असणं, हाही विवेकच.

सायली_वाचते

पण मग ती मैत्रीण आप्त आहे हे पारखायला तुमच्याकडे आधीच थोडा विवेक हवा ना? म्हणजे मेनोचाच पेच झाला. ज्याला चांगलं-वाईट अजिबात कळत नाही, तो चांगला सल्लागार निवडणार कसा?

गणिती_ग

जोरदार!

पंचावयव

अजिबात कळत नाही अशी स्थिती नसतेच, असं मी म्हणेन. त्या मुलालाही चौरस दुप्पट करता येत नव्हता, पण ९ म्हणजे ८ नव्हे एवढं कळत होतं. तेवढ्यावर पुढची पायरी उभी राहिली. सल्लागाराचंही तसंच. ज्या साध्या गोष्टी मला स्वतःला स्पष्ट दिसतात, त्यांत तो चुकतो का हे मी बघतो. तिथे तो वारंवार बरोबर निघाला, तर जिथे मला दिसत नाही तिथे त्याच्यावर थोडं विसंबतो. न्यायदर्शनात वेदाच्या प्रामाण्यासाठी दिलेला दाखला याच घाटाचा आहे. मंत्र आणि आयुर्वेद यांचं फळ प्रत्यक्ष पडताळता येतं, तिथे सांगणारा आप्त ठरला, म्हणून जे पडताळता येत नाही तिथेही त्याचं ऐकायचं.

शंकासुर

आणि इथेच मी अडतो. वैद्यकात बरोबर निघालेला माणूस परलोकाबद्दलही बरोबर असेल, हे कशावरून? एका विषयातली पत दुसऱ्या विषयात वटवायची ही जुनी खोड आहे. मैत्रिणीचा दाखला मला चालतो, कारण पारख आणि सल्ला दोन्ही एकाच विषयातले आहेत.

पंचावयव

आक्षेप रास्त आहे. नैयायिक म्हणतील, आप्ताची कसोटी विषयावर नाही. वस्तू प्रत्यक्ष जाणणं, प्राणिमात्रांबद्दल कळकळ आणि जसं आहे तसं सांगायची इच्छा हे गुण बघायचे. हे गुण विषयागणिक बदलत नाहीत. पण 'प्रत्यक्ष जाणणं' हा पहिला गुण परलोकाच्या बाबतीत पडताळायचा कसा, तिथे तुमचं बोट बरोबर पडलंय. सविस्तर लिहायला हवं.

अनवट

इथे प्रतिसाद फार खाली गेलेत, वाचणाऱ्याला सापडणार नाहीत. पंचावयव, आप्तावर वेगळा धागा काढा. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजू, शंकासुरांनी मांडावी, कुमारिलाच्या साक्षीदारासकट. सायली, तुम्हाला वाचायला सुरुवात करायची असेल तर आधी 'युथिफ्रो' घ्या, तो 'मेनो'हूनही लहान आहे.